दादाचे कर्णे, माझे वेढे

आमच्या दुकानात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. जळालेले ट्रान्सफॉर्मर त्यात टाकायचे. ‘कधीतरी यातलं तांबं काढून घेऊ,’ असं दादा म्हणायचा. ते त्याने कधी काढलं नाही. डबा भरला, मग दुसरा आणला. ट्रान्सफॉर्मर साठत गेले तसे किस्सेही साठत गेले, कारण आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर कधी गुपचूप जळलाच नाही! दर वेळी समोर शे-दोनशे माणसं, व्यासपीठावर हार घातलेला पाहुणा, आणि ऐन वाक्याच्या मध्यावर ‘फट्’! दादा पळतोय, बाबल माडावर चढतोय, मी पदर खोचून तार शोधतेय. आता तुम्ही विषय काढलात म्हणून सांगते. एक सांगायला घेतला की मागून दुसरा येतोच.

दुकान मालवणच्या बाजारात होतं, रेडिओ दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागात तेव्हा वीज नव्हती, आवाज मोठा करणारं मशीन मोटारीच्या बॅटरीवर चालायचं. माणसं तीन. माझा थोरला भाऊ श्रीपाद, म्हणजे दादा. देवबागचा बाबल, जो कर्णे माडावर बांधायचा आणि ‘माका सगळा येता’ म्हणायचा. आणि मी, सुलू.

* * *

दादा सहा वर्षं मालवाहू जहाजावर वायरलेस ऑपरेटर होता. एक दिवस ट्रंक घेऊन घरी आला. ‘सुट्टीवर इलंय. कंपनीचा पत्र येतला,’ एवढंच म्हणाला. पत्र येईपर्यंत काहीतरी करायचं म्हणून दुकान टाकलं.

पण त्याचा पाय जमिनीवर ठरेल तर शपथ! चहा उभ्याने. जेवताना दोनदा उठून दारापर्यंत. पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं टाकून रस्त्यावर. असा माणूस ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळणार? मोठ्या मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला एका बाजूला केसासारख्या तारेचे अडीच हजार वेढे आणि दुसऱ्या बाजूला जाड तारेचे एकशे चाळीस. हाताने चाक फिरवायचं आणि तोंडाने मोजायचं. दादा अकराशेपर्यंत जायचा, सायकल वाजायची, आणि परत आला की मला विचारायचा, “सुले, किती झाले?”

“माका काय ठावक?”

पुन्हा पहिल्यापासून! असं तीन वेळा झालं तेव्हा मी त्याला उठवला आणि चाकापाशी स्वतः बसले. ती पुढे अकरा वर्षं बसले.

आईला हे मुळीच आवडलं नाही. “चेडवाक तार गुंडाळूक बसयलंस? तिचा लगीन कोणाशी लावतलंस, तारेच्या खांबाशी?”

दादा तिला समजवायला गेला. म्हणाला, “आये, असा बघ. होडी करवंटीच्या डवलीन वल्हवलंस तर काय होतला? हात भराभर चालतलो, होडी जाग्यार. दाराची फळी घेतलंस तर हातच हलाचो नाय. हाताक झेपात आणि होडीयेक ढकलीत, असा मधला काय तरी होया मा? मशीनातलो व्हॉल्व्ह म्हणजे हात. कर्णो म्हणजे होडी. ह्यो ट्रान्सफॉर्मर दोघांची गाठ घालून देता.”

आईने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मगे तेका वल्हा म्हण मा! ट्रान्सफॉर्मर कित्याक म्हणतस?”

* * *

वैभववाडीकडच्या एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं. हेडमास्तर घाटावरचे. अतिशय शिस्तीचे. त्यांनी स्वतः आखून दिलं, कर्णा इथेच हवा. ‘इथेच’ म्हणजे त्यांच्या खुर्चीपासून चार हातांवर. दादाने सांगून पाहिलं. “शिस्त ती शिस्त,” म्हणाले.

मुलींचं समूहगीत सुरू झालं. तीस मुली, एक माइक, आणि सगळ्यांत जोरात गाणारी नेमकी माइकसमोर. हेडमास्तरांनी आधी कानावर उपरणं घेतलं. मग बोट घातलं. दादा तेवढ्यात चक्कर मारायला बाहेर गेला होता, एका जागी दहा मिनिटं म्हणजे त्याला फार झाली. मी मशीनपाशी होते. मी ‘ओ गुरुजी!’ म्हणेपर्यंत त्यांनी हात लांब करून कर्ण्याची तार उपटली.

गाणं थांबलं नाही. माइक चालू, मशीन चालू, व्हॉल्व्ह जीव तोडून ढकलतायत आणि पलीकडे ढकलायला काहीच नाही. अशा वेळी ट्रान्सफॉर्मरच्या आत व्होल्टेज कुठल्या कुठे चढतं. आतून एक निळी ठिणगी, करपल्या मेणाचा वास, आणि मशीनमधून धूर!

दादा धावत आला. हेडमास्तर उभे राहिले. म्हणाले, “मी यंत्राला बोटसुद्धा लावलेलं नाही. फक्त तार काढली. उलट त्याच्यावरचा भार कमी केला!”

दादा त्या धुराकडे बघत म्हणाला, “गुरुजी, भार कमी केलात, म्हणूनच गेला तो.”

हेडमास्तरांनी ते वाक्य लगेच फळ्यावर सुविचार म्हणून लिहून घेतलं!

* * *

बांद्याचा किस्सा. गोव्यात अजून पोर्तुगीज होते. बांदा अगदी हद्दीवर. तिथे भर दुपारी गोवामुक्तीची सभा, पुण्याहून आलेले एक पुढारी वक्ते. धारदार माणूस, आवाज मात्र बारीक.

माइक मशीनपासून लांब होता. माइकातून येणारा विजेचा आवाज इतका नाजूक, की मशीनच्या तोंडाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावून तो पन्नास पट उंच करायचा आणि मग आत सोडायचा. हा छोटाही मीच गुंडाळलेला. पण त्याला काही कळत नाही हो! त्याच्या दारात जे येईल ते तो पन्नास पट करणार. म्हणून माइकची तार जाळी विणलेलीच लागते, बाहेरचं काही आत शिरू न देणारी. आणि ती जाळीची तार दादा घाईघाईत मालवणला विसरून आला होता! सकाळपासून त्याची एकच घाई: निघा, निघा, एसटी जातली. मग बाजारातून साधी घंटीची तार आणली आणि ऐंशी हात ताणली.

पुढारी उठले. हार झाले. त्यांनी मूठ वर केली. “बंधू-भगिनींनो, त्या जुलमी सत्तेचा आवाज आता…”

आणि कर्ण्यातून एक बाई गायला लागली. पोर्तुगीजमध्ये!

खरंच सांगते. गोव्याचं रेडिओ स्टेशन एवढं जवळ, आमच्या त्या ताणलेल्या तारेने ते पकडलं आणि पन्नास पट करून सभेला ऐकवलं. मागे गिटार वगैरे. पुढारी बोलायचे थांबले की बाई अगदी स्पष्ट. ते बोलायला लागले की दोघांचं द्वंद्वगीत!

“बंद करा! शत्रूचा आवाज बंद करा!” पुढारी ओरडले. तेही कर्ण्यातून, तिच्याच तालावर.

दादाने तार इकडे ओढून बघितली, तिकडे ओढून बघितली. बाबल म्हणाला, “माका सगळा येता,” आणि तार डोक्यावर उचलून धरून उभा राहिला. आवाज दुप्पट झाला! शेवटी मी माइक उचलून मशीनच्या शेजारी आणला, तार गुंडाळून चार हात केली. बाई गेली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. “ओ सायबानूं, गाणा पुरा होऊ देवचा होता. भाषण काय, मगे पण करूक येता!”

* * *

हा जरा वेगळा आहे.

आमच्याच वाडीत सत्यनारायणाची पूजा होती आणि मागोमाग कीर्तन. मैदानाच्या दोन टोकांना दोन कर्णे समोरासमोर. मधे माणसं. कीर्तन सुरू झालं आणि मधे बसलेल्या बायका कुजबुजायला लागल्या. आवाज येत होता, पण पोकळ. जणू बुवा मडक्यात तोंड घालून बोलतायत.

मी मधे जाऊन उभी राहिले आणि मला कळलं. चूक माझीच. दोन कर्ण्यांच्या दोन ट्रान्सफॉर्मरपैकी एकाची टोकं मी उलटी बाहेर काढली होती. एक कर्णा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि मधे दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. तारा अदलाबदल केल्या की मिटलं, दोन मिनिटांचं काम. पण दादाला दाखवायचं म्हणून मी त्याला बोलावलं.

“हंय उभो रव. आवाज कसो येता?”

तो उभा राहिला. मान थोडी उजवीकडे वळवून, नेहमीसारखी. “बरो येता.”

मी जाऊन तारा बदलल्या. बुवांचा आवाज असा भरून आला की बायकांनी एकदम माना वर केल्या. एकीने हात जोडले. मी दादाकडे बघितलं. तो तसाच उभा.

“काय बदललंस?” त्याने विचारलं.

तो नेहमी माणसाच्या उजव्या हाताला का चालतो, जेवायला कायम भिंतीच्या त्या बाजूला का बसतो, पोस्टमनची सायकल रस्त्यावरून गेली तर ऐकतो आणि मागच्या पाणंदीतून आली तर नाही, हे सगळं मला त्या मैदानात एका क्षणात दिसलं. कीर्तन संपलं. मग तारा गुंडाळताना विचारलं.

त्याने लपवलं नाही. उजवा कान साफ गेलेला. डाव्यात दिवसरात्र शिट्टी वाजते. म्हणून तर बसवत नाही, चालत राहिलं की शिट्टी जरा मागे पडते. जहाजावर एक संदेश त्याच्याकडून अर्धा निसटला होता. कुणाचं काही बिघडलं नाही, पण कप्तानाने उतरवला. कंपनी पुन्हा तपासून ठरवणार होती.

“आयेक सांगू नको हां.”

“नाय सांगाचंय,” मी म्हटलं.

तो तार गुंडाळत राहिला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “सुले, आयेक सांगू नको म्हटलंय. काय तरी बोल गो.”

मी त्याच्या उजव्या बाजूला उभी होते.

* * *

आणि पत्र आलं! मुंबईला येऊन कान तपासून घ्या. आईला दादाने ‘नेहमीचीच तपासणी’ म्हणून सांगितलं.

मग आमचं दुकान राहिलंच बाजूला. दादाच्या डोक्यात एक कल्पना. ‘हेडफोन लावतले, बारीक आवाज सोडतले, ऐकाक इलो काय सांग म्हणतले.’ तर हेडफोनच्या तारेत आपला एक ट्रान्सफॉर्मर घालायचा. पाचशे वेढ्यांवर पाच हजार. व्होल्टेज दहा पट. तपकिरीच्या डबीत बसेल एवढा, कोटाच्या खिशातून तार वर.

मी आठ दिवस तो गुंडाळत बसले. इतकी बारीक तार मी आयुष्यात पुन्हा हाताळली नाही. चार वेळा तुटली. दादा मागे येरझारा घालतोय, “झाला? झाला?” आणि मी मोजतेय आणि मनात म्हणतेय, हा उघडकीला येऊ दे. कुठल्यातरी जहाजाने खरोखर हाक मारली आणि याला ऐकू गेली नाही तर? पुढच्या वेढ्याला वाटायचं, नको, जाऊ दे याला. इथे झिजून जाईल. खरं सांगायचं तर तार चार वेळा तुटली त्यातल्या एका वेळी ती मी तोडली. मग मलाच लाज वाटली आणि पुन्हा बसले.

दादा नवीन कोट घालून गेला. आठ दिवसांनी परत आला. पिशवी ठेवली, आणि खुर्चीवर बसला.

बसला! आई स्वयंपाकघरातून धावत आली. “ह्येका काय झाला? ह्यो बसलो कित्याक?”

“डॉक्टराने हेडफोन लावलोच नाय गो,” दादा म्हणाला. “माका खिडकीकडे तोंड करून उभो केलो. आपण पाठीमागे गेलो आणि हळूच काय तरी विचारल्यान.”

“मगे? तू काय सांगितलंस?”

“मी म्हटलं, दोन्ही बरे आसत साहेब.”

“बरा केलंस,” आई म्हणाली.

“तेणी माजा नाव विचारल्यान होता.”

मग दादाच आधी हसला, आणि हसता हसता उठून दारापर्यंत जाऊन आला. त्या दिवसापासून सायकल वाजली तरी तो बाहेर गेला नाही. येरझारा मात्र सुरूच राहिल्या, आता दुकानातल्या दुकानात!

* * *

माझ्या लग्नाचं सांगते, ते थोडक्यात.

वेंगुर्ल्याचं स्थळ. मुलगा शाळामास्तर. मला बघायला येताना त्यांनी बिघडलेला रेडिओही बरोबर आणला, म्हणजे एका एसटीच्या तिकिटात दोन्ही कामं! पोहे झाले. मुलाच्या आईने विचारलं, “मुलीला काय काय येतं?”

आमच्या आईने माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि सांगून टाकलं, “वायंडिंग.”

“ते शिवणासारखं असतं का?”

वातावरण अवघडलं. माझी चुळबुळ चाललेली, समोर खाली मान घालून किती वेळ बसायचं? नजरेसमोर तो रेडिओ. शेवटी मीच मागचं झाकण काढलं आणि लावून बघितला. आवाज डब्यातल्या माशीसारखा. लगेच कळलं, आधीच्या कुणा दुरुस्तीवाल्याने हाताला आला तो ट्रान्सफॉर्मर बसवलेला, ना व्हॉल्व्हला झेपणारा, ना स्पीकरला. मी रेडिओत डोकं घालून अगदी ठासून बोलले, “ही जोडी जुळत नाही. कोणी जुळवली ही? ताबडतोब बदलायला हवी!”

डोकं बाहेर काढलं तर मुलाच्या आईच्या हातातली बशी तशीच अधांतरी. मुलाचे वडील उठून टोपी शोधतायत. आमची आई भिंतीला टेकलेली.

एकटा मुलगा हसत होता. तेवढाच एक जण माझ्या हाताकडे बघत होता. म्हणाला, “बाबा, बसा. त्या रेडिओबद्दल बोलतायत.” मग मला म्हणाला, “कितीला किती हवी?”

“सतरा वेढ्यांना एक,” मी सांगितलं.

बाकीची बोलणी मोठ्यांनी केली!

* * *

आणि हा देवबागचा. माझं लग्न व्हायच्या आधीच्या थंडीतला.

बाबलच्या बहिणीचं लग्न होतं. देवबाग म्हणजे वाळूची एक लांब जीभ. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, आणि टोकाला खाडीचं मुख. आम्ही आदल्या दिवशीच सामान घेऊन गेलो. मशीन मांडवात, घराच्या पडवीला लागून.

लग्नाच्या सकाळी उठून बघतो तर धुकं! दोन हातांवरचा माड दिसेना. आणि बाबलचा बाप, गणपतकाका, दोन गड्यांना घेऊन पहाटेच होडी काढून गेलेला. दुसऱ्या दिवशीच्या मासळीच्या जेवणासाठी जाळं टाकून ठेवलं होतं, ते काढून आणायला. शेजारच्या धोंडूचीही होडी बाहेर. ओहोटी लागलेली. मुखावरच्या रेतीवर लाटा फुटण्याचा आवाज सगळीकडून येत होता, म्हणजे नेमका कुठून ते कळत नव्हतं. आम्हाला नाही, तर होडीतल्यांना कसं कळणार? जरा चुकलं की होडी त्या रेतीवर उलटणार.

बायका मांडवात हळदीच्या वाट्या घेऊन उभ्या.

दादा म्हणाला, “कर्णो टोकार न्या.”

मशीन टोकावर नेता येत नव्हतं. तिथे लाटांचे तुषार उडत होते. खारं पाणी आत गेलं की मशीन संपलं. बाबलने कर्णा खांद्यावर टाकला आणि तारेचं भेंडोळं सोडत तो धुक्यात पळाला. दोन फर्लांग तरी अंतर. दादा माइकवर, “हॅलो, हॅलो!” मी तारेच्या कडेने टोकापर्यंत धावले. कर्णा डासासारखा गुणगुणत होता. एवढ्या बारीक आणि लांब तारेत सगळा जोर तारच खाऊन टाकत होती.

परत धावले. सामानाच्या पेटीत लांब तारेसाठी गुंडाळलेले दोन ट्रान्सफॉर्मर होते. एक मशीनपाशी लावायचा, तो व्होल्टेज चढवून तारेत सोडणार, म्हणजे तारेतून करंट थोडाच जाणार आणि तारेला खायला काही उरणार नाही. दुसरा कर्ण्यापाशी, तो ते पुन्हा उतरवून कर्ण्याला झेपेल असं देणार. पहिला मी मांडवात जोडला. दुसरा एका पोक्त माणसाच्या हाती बाबलकडे धाडला आणि वाट बघितली.

काही नाही. टोकाकडून एक अक्षर ऐकू येईना.

पुन्हा धावले. ओल्या वाळूत पाय रुतत होते, साडी गुडघ्याला चिकटलेली. बाबल कर्ण्याला कान लावून बसलेला. “माका सगळा येता मा, मी जोडलंय!” त्याने उलटा जोडला होता. जाड तारांची बाजू लांब तारेला, बारीक तारांची कर्ण्याला! दातांनी तार सोलली, टोकं फिरवली, पीळ दिला.

आणि कर्णा असा गरजला की बाबल मागे पडला: “हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन!”

दादाला आणखी काय बोलायचं ते सुचतच नव्हतं!

तेवढ्यात माइक कुणीतरी त्याच्या हातातून ओढला. बाबलच्या आईचा आवाज. तिने उभ्या आयुष्यात माइक हातात धरला नव्हता. “अहो!” ती ओरडली. “अहो! हंयसर येवा! आवाजार येवा!”

पुन्हा, “अहो! आयकलात? अहो!”

धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. बाबल कमरेएवढ्या पाण्यात शिरला. होडीचं नाक दिसलं. ती धोंडूची निघाली. धोंडू उतरून मला म्हणतो, “आमच्या घरातला बोलावता काय? काय झाला?” त्याची बायकोही त्याला ‘अहो’च म्हणायची!

“बापूस खंय?” बाबलने विचारलं.

“पाठसून होतो,” धोंडू म्हणाला. “मगे दिसाक नाय.”

लाटा फुटत होत्या. कर्ण्यातून ‘अहो, अहो’ चाललेलं, ते हळूहळू घोगरं झालं आणि मग थांबलं. तार तुटली की काय म्हणून मी चाचपायला लागले. कर्ण्यातून नुसता श्वास ऐकू येत होता.

आणि मग अख्ख्या खाडीवर, समुद्रावर, माडांवर, मांडवातल्या दोन्हीकडच्या वऱ्हाडावर तो आवाज फुटला:

“गणपत! ओ गणपत! गणपत रे! हंयसर ये! गणपत!”

बाबलने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. ती थांबेना. एकदा नव्हे, वीसदा. सासऱ्याच्या नावासकट, आडनावासकट!

होडी आली ती थेट मुखाच्या मधोमध, दोन्हीकडच्या फेसाच्या बरोबर मधून. गणपतकाकांनी वल्हं टाकलं, पाण्यात उडी मारली. कर्ण्याकडे एकदा बघितलं. ओल्या अंगाने तारेच्या कडेकडेने चालत सुटले, आणि आम्ही त्यांच्या मागे.

मांडवात बाबलची आई तशीच उभी होती, दोन्ही हातांत माइक घट्ट धरून. तो बंद करायचं दादालाही सुचलं नव्हतं. काका तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. अंगावरून पाणी निथळत होतं. सगळं वऱ्हाड बघतंय. त्यांनी घसा साफ केला, तोही टोकापर्यंत ऐकू गेला.

“नाव घेतलंस ता बरा केलंस,” म्हणाले. “पण उखाणो खंय रवलो गो?”